सिंधूचा निरोप

"आवाज वाढवा की गुरुजी," खाटेवरून मारोती म्हणाला. "माणसं बसली का पायऱ्यांवर, तेवढं ऐकून सांगा."

ईश्वरप्पा गुरुजींनी ट्रान्झिस्टर कानाशी धरला. दिल्लीच्या नव्या स्टेडियमवर आशियाई खेळांचं उद्घाटन चाललं होतं. निजामाच्या अमदानीत गुरुजी बीदरला उर्दूतून शिकले होते, तिथंच हॉकी खेळले होते. हिंदी समालोचन ऐकायचं आणि मारोतीच्या अंगणात जमलेल्या पंधरा-वीस जणांना मराठीत सांगायचं, हे काम त्यांच्याकडंच होतं.

"तुडुंब भरलंय म्हणतात. पाय ठेवायला जागा नाही."

"उगवतीकडच्या पायऱ्यांचं काँक्रीट मी वतलंय," मारोती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "देशोदेशीची माणसं बसून राहिलीत आता त्याच्यावर."

त्याच्या कमरेवर गोधडी होती. तिच्याखालचे पाय चैत्रापासून हलले नव्हते. बांधकामाची परांची तुटली, मारोती तीन पुरुष उंचीवरून खाली आला आणि दोन महिने तिकडच्या दवाखान्यात पडून राहिला. मग गावच्या दोघांनी त्याला उचलून आणलं.

"कशापायी चढलास रे एवढ्या वर?" म्हातारा शिवमूर्ती हळहळला.

"मी तर परत येणारच हुतो. हिनंच लिवलं, काम सोडून येऊ नका म्हून."

चुलीपाशी बसलेली त्याची बायको सिंधू वळली. "मी असं सांगितलं न्हाई. किती डाव सांगू तुमाला?"

"मंग कागदानं सोताच लिवलं व्हय?"

दोघंतिघं हसले. सिंधूनं पुन्हा चुलीकडं तोंड फिरवलं. गुरुजी स्टेशन नीट लागलेलं असताना उगाच बटण फिरवत राहिले.

पत्र गुरुजींनीच लिहिलं होतं.

आदल्या दिवाळीनंतर मुकादम दिल्लीच्या कामाला माणसं न्यायला आला, तेव्हा मारोतीचं मन घेत नव्हतं. पाऊस दगा देऊन गेला होता, रानात काही नव्हतं, तरी तो कचरत होता. त्याला गुरुजींनीच भरीस घातलं. "अरे, साऱ्या आशियाचे खेळाडू यायचेत. देशाचं नाव होईल. तुझ्या हातानं होऊ दे." पुढं शाळेच्या फळ्यावर नकाशा काढून ते पोरांना सांगायचे, आपल्या गावचा माणूस इथं आहे.

फाल्गुनात मारोतीचं पत्र आलं. बरोबरच्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. वर चढताना भ्या वाटतं, परत यावं म्हणतो, तू काय म्हणतीस? गुरुजींनी ते सिंधूला वाचून दाखवलं. तिनं उभ्या उभ्या निरोप सांगितला. गुरुजी मान हलवत लिहीत गेले. पण लिहिलं ते भलतंच. देशाचं काम अर्ध्यावर टाकून येऊ नका. भीती काय, चार दिवसांत जाते. मी इकडं खुशाल आहे. खाली लिहिलं, तुमची सिंधू.

"लिवलं का समदं?" तिनं विचारलं होतं.

"लिहिलं," गुरुजी म्हणाले होते.

पत्र पोचून आठवडा झाला नाही तोच तो पडला.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींना लातूरला भाषण होतं. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा होऊन तीनच महिने झाले होते. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला वाटत होता. नव्या जिल्ह्यातल्या शिक्षकांचा मेळावा होता आणि विषय दिला होता, 'आशियाई खेळ आणि देशाचा लाभ'.

गुरुजी बोलले. खेळांमुळं रस्ते झाले, पूल झाले, रंगीत टेलिव्हिजन आला. हजारो हातांना काम मिळालं. काल परके खेळाडू आपल्या झेंड्याखालून चालले, तेव्हा कुणाची छाती फुगली नाही? त्यात खोटं काहीच नव्हतं. मग ते म्हणाले, "तिथल्या पायऱ्या आमच्या गावच्या मारोतीनं बांधल्यात." आणि थांबले. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात टाळ्या पडल्या, आणि ते खाली बसले.

चहाच्या वेळी शिक्षण खात्याचे अधिकारी आपुलकीनं जवळ आले. "आता कुठं असतो तो मारोती?"

"गावातच."

"त्याला आणायचं की हो! चार लोकांनी बघितला असता."

गुरुजींनी हातातला कप बशीत ठेवला. चहा तसाच टाकून त्यांनी एस. टी. स्टँडचा रस्ता धरला.

गावात उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. सिंधू नदीतल्या झऱ्यावरून नुकतीच आली होती. गढूळ पाणी फडक्यातून गाळून घागरीत ओतत होती. मारोती आत खाटेवर कुशीला टेकून होता.

"या गुरुजी! घेतलं का माझं नाव?"

"घेतलं." गुरुजी उभेच राहिले. "मारोती, ते पत्र... ती म्हणते ते खरं आहे. तिनं थांबा म्हणून सांगितलं नव्हतं. ते मी लिहिलं. माझ्या मनानं."

सिंधूच्या हातातलं फडकं घागरीच्या तोंडावर तसंच राहिलं.

"काहून?" मारोतीनं विचारलं.

"मला वाटलं, तू परत आलास तर... माझी मान खाली जाईल. पोरांना इतकं सांगून ठेवलं होतं."

मारोती आढ्याकडं बघत राहिला. शिवी देईल, हाकलून देईल, असं गुरुजींना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मंग ती काय म्हणली हुती?"

"मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, पण..."

"ठाव हाय ना? मंग सांगा. माझं पत्र हाय ते."

गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली. घागरीतलं पाणी मागायची त्यांची छाती झाली नाही. वर्गात धडा म्हणावा तसं, एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले,

"सिंधू म्हणाली, 'भ्या वाटतं तर वर चढू नका. आल्या पावली निघा. इथं निम्मी भाकर मिळंल, तर निम्म्यातली निम्मी खाऊ. लोक हसले तर हसू द्या. मला तुमी पायजे.'"

सिंधू पाठमोरी होती. तिच्या पदराचं टोक घागरीत भिजत होतं, ते तिला कळलं नाही.

"पुन्यांदा सांगा," मारोती म्हणाला.

गुरुजींनी पुन्हा सांगितलं.