बाईंचं स्टूल

कॅम्प एक या वस्तीतल्या प्रसूतिगृहात एक लोखंडी स्टूल होतं. बाळ यायला उशीर झाला की सिस्टर इंदुबाई त्यावर चढायच्या आणि बाळंतिणीच्या पोटावर कोपर रोवून सगळं वजन टाकायच्या. वर चापट्या आणि तोंडाचा पट्टा. डॉक्टरांनी कधी हटकलं नाही. काम लवकर उरकायचं ना!

त्या दिवशी सकाळी सिस्टरांना शिकवायला आलेल्या अनुया मॅडमनी रबरी बाहुली पुढे ठेवून नेमकं हेच बंद करायला सांगितलं. पोट दाबलं की खाली फाटतं, आणि मग काहींचा लघवीवरचा ताबाच जातो. डोकं बाहेर येताना 'जोर लाव' नको, 'फुंकर मार' म्हणा, खालून हाताचा आधार द्या. इंदुबाई सारख्या उठून बाहेर जात होत्या. काय हा माज, असं तरुण रिद्धी सिस्टरला वाटलं.

दुपारी टेबलावर करिष्मा होती, पहिलटकरीण. पायांशी बाळ झेलायला रिद्धी वाकून उभी होती. बाळाचं डोकं दिसू लागलं तसं इंदुबाईंनी स्टूल ओढलं आणि तिच्या मांडीवर फाडकन चापट मारली.

"तेव्हा मजा वाटली ना? आता लाव जोर!"

"दीदी, मर जाऊंगी मैं!"

"बाई, उतरा खाली!" रिद्धी ओरडली.

"कालची पोर तू, मला शिकवतेस?"

कोपर पोटात घुसलं. खाली कातडी ताणून पांढरीफटक पडली, कडेने रक्त आलं. रिद्धीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक हात बाळाच्या डोक्याखाली आधाराला ठेवून तिने स्टूलला लाथ घातली.

इंदुबाई धाडकन फरशीवर आपटल्या. पडल्या पडल्या त्यांनी रिद्धीची लोंबती वेणी पकडून हिसडली. रिद्धीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण खालचा आधार तिने सोडला नाही.

"फुंकर मार, करिष्मा! गरम चहावर मारतेस तशी. हळू... अजून!"

करिष्माने रडत रडत फुंकर मारली. डोकं सावकाश बाहेर आलं, मागून खांदे, आणि पोर टाहो फोडत रिद्धीच्या हातात आली. जखम जरा खरचटल्याएवढी. रिद्धीला रडूच फुटलं.

पोर आईच्या छातीवर ठेवून तिने खाली पाहिलं. फरशी ओली होती.

"सरका बाई, पाणी सांडलंय."

"पाणी नाही गं ते," इंदुबाई पदराने फरशी झाकत म्हणाल्या. "माझा कैलास झाला तेव्हा तिथल्या सिस्टर माझ्याही पोटावर अशाच चढल्या होत्या. तेव्हापासून गळतंय."

वेणी अजून त्यांच्या मुठीतच होती.

"त्या बाहुलीवाल्या मॅडम उद्या येतील का गं?"