चिंचोक्याचा खेळ

फैजपूरच्या त्या शाळेत नववीच्या वर्गातून चिंचोक्यांचा खळखळाट ऐकू आला, की मुख्याध्यापक समजून जायचे, पितांबर सरांचा इंग्रजीचा तास सुरू आहे. "सर, शाळा आहे का जत्रा?" असं ते एकदोनदा म्हणाले होते. सर नुसते हसले होते. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेल्या माणसाला कोण काय बोलणार?

सरांचं म्हणणं साधं होतं. पाचवीपासून इंग्रजी शिकणारी ही मुलं नववीत आली तरी धडा घडाघडा वाचतात, शब्दार्थ पाठ म्हणतात आणि कुणी इंग्रजीत नाव विचारलं की खाली बघतात. त्यांच्या डोक्यात इंग्रजी होतं, ते जिभेवर यायला तयार नव्हतं. म्हणून सरांनी खेळ काढला. एकाने फळ्याजवळ उभं राहून मनात एक माणूस धरायचा. बाकीच्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारून तो ओळखायचा. बरोबर प्रश्नाला त्या रांगेच्या वाटीत एक चिंचोका पडायचा, वाक्य चुकलं की तो परत घेतला जायचा. फळ्याजवळच्याचं उत्तर खोटं निघालं, तर त्याच्या रांगेचेही चिंचोके परत. पहिला प्रश्न ठरलेला, पुरुष की बाई. दुसराही ठरलेला, जिवंत आहे की नाही. कारण पोरं हटकून इतिहासाच्या पुस्तकातला राजा धरायची. जिवंत नसला तर पुढच्या प्रत्येक प्रश्नात 'इज'चं 'वॉज' करायचं. इथेच सगळ्या रांगा चिंचोके गमवायच्या. कितीही सांगा, तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या राजालाही पोरं 'इज'च म्हणायची.

दिवाळीनंतर या वर्गात कला आली. ती धुळ्याकडची होती. तिचा बाप इथल्या बन्सीलालशेटच्या ट्रकवर ड्रायव्हर, फैजपूरची केळी दिल्लीला न्यायचा. पहिल्याच दिवशी सरांनी पुस्तकातला नेहमीचा प्रश्न विचारला, "व्हॉट इज युवर फादर?"

कला उभी राहिली आणि म्हणाली, "माय फादर ड्रायव्हर शे."

धुळ्याकडच्या अहिराणी बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. फैजपूरकडची बोली वेगळी, तिथे हा शब्द नाही. वर्गाला ऐकू आलं ते इंग्रजीतलं बाईला लावायचं 'शी'.

"सर, हिचा बाप बाई आहे," मागून हिलाल म्हणाला, आणि वर्ग हसून लोटपोट झाला. मधल्या सुट्टीत कुणीतरी नाक धरून "शी, शी" केलं. मग ते रोजचंच झालं. सरांनी हिलालला उभं केलं, दटावलं. पण तोवर कलाचं तोंड मिटलं ते मिटलंच.

सरांना पुढे कळलं ते एका अपघाताचं. सेंधव्याच्या घाटात ट्रक कोसळला होता, ऐन दिवाळीच्या आधी, आणि त्यात तिचा बाप गेला होता. शेटनी तिच्या आईला, झुंबरबाईंना, केळीच्या वखारीत काम दिलं आणि मायलेकी इथे आल्या. म्हणजे ती वर्गात 'ड्रायव्हर शे' म्हणाली, तेव्हा बाप नव्हताच. ते वाक्य सरांच्या मनात रुतून बसलं. वर्गाने जी चूक ऐकली, ती चूक नव्हतीच. आणि जी होती, गेलेल्याला 'आहे' म्हणण्याची, ती लाल शाईने दाखवायची नव्हती.

फेब्रुवारीत एकदा झुंबरबाई शाळेच्या ओट्यावर येऊन बसल्या. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते.

"सर, पोर घरमा बी बोलत नही. येत्या शनिवारी तिना दाखला काढी द्या. वखारमा लई जास मी तिले."

"अहो, वखारीत कशाला नेता, हुशार आहे ती. नववी तरी होऊ द्या."

"हुशार शे, माले मालूम शे. पण सर, केया भराले काय बोलनं लागस?"

केळी भरायला बोलावं लागत नाही, हे खरंच होतं. "शनिवारी या," एवढंच ते म्हणाले. बाई गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण धुळ्याजवळच्या शिंदखेड्याचे, आईच्या मांडीवर हीच बोली शिकलो. आणि या बाईशी सगळं बोलणं पुस्तकी मराठीत केलं. इथे नोकरीला लागल्यावर त्यांनी जीभ हळूहळू घासून सारखी केली होती. आता ती आपोआपच तशी चाले.

शनिवारी सकाळची शाळा होती. सरांनी खेळात एक बदल केला. टेबलावर दोन वाट्या ठेवल्या.

"आज फळ्याजवळच्याने बोलायचं नाही. उत्तर 'हो' असेल तर उजव्या वाटीत चिंचोका, 'नाही' असेल तर डाव्या. बोलायचं ते बाकीच्यांनी."

"सर, हे तर सोपं झालं," पुष्पा म्हणाली.

"तुम्हाला अवघड आहे. तिला सोपं." सर कलाकडे वळले. "ये बेटा."

ती उठेल असं सरांना वाटलं नव्हतं. ती उठली. मूठभर चिंचोके घेऊन फळ्याला पाठ लावून उभी राहिली. ओट्यावर झुंबरबाई येऊन टेकल्या होत्या. दारातून त्यांचा पदर तेवढा दिसत होता.

"इज इट अ मॅन?" पहिल्या रांगेने विचारलं.

उजव्या वाटीत चिंचोका वाजला.

दुसरा प्रश्न हिलालच्या रांगेचा. तो पाठ असल्यासारखा म्हणाला, "इज ही अलाइव्ह?"

कलाने चिंचोका उचलला. हात डाव्या वाटीवर गेला, तिथे थांबला, उजव्या वाटीवर आला. तिथेही थांबला. वर्ग वाट बघत होता. सरांना कळून चुकलं, तिने कोणाला धरलंय. हा प्रश्न आपणच फळ्यावर लिहून ठेवला, रोज लिहितो, आणि आज पुसायचं सुचलं नाही. ते पुढे होणार, तोच कलाने मूठ मिटली आणि तोंडाने उत्तर दिलं.

"शे."

कुणीतरी सवयीने "शी" करायला गेलं. पुष्पाने मागे वळून बघितलं, तसा तो आवाज अर्ध्यात विझला.

खेळ पुढे चालला. शेतकरी आहे का? डावी वाटी. मास्तर आहे का? डावी. इथे, फैजपूरला आहे का? डावी. मग पुष्पाने विचारलं, "इज ही अ ड्रायव्हर?"

उजव्या वाटीत चिंचोका इतका हळू पडला की वाजलाच नाही.

हिलाल उभा राहिला. आता नाव सांगितलं की त्याची रांग जिंकणार होती. घाटातल्या अपघाताचं त्याने गावात ऐकलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. त्याने बाकाची कड धरली. मग खाली बघतच म्हणाला, "वॉज... वॉज ही युवर फादर?"

किती आठवडे सर या एका शब्दासाठी झगडत होते. राजे सांगून झाले, चिंचोके काढून झाले, फळा भरून झाला. आज तो शब्द त्या पोराच्या तोंडात न शिकवता आला, आणि सरांना वाटलं, आज हा चुकला असता तर बरं झालं असतं.

"येस," कला म्हणाली. "ही वॉज."

मग खिडकीजवळच्या रांगेतून एक मुलगा चाचरत बोलला. तो वाईट नव्हता, नियमाचा पक्का होता. "सर, पण तिने आधी जिवंत सांगितलं. खोट्या उत्तराला चिंचोके परत ना?"

नियम सरांचाच होता. सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली, कलाचंही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि मग इतकी वर्षं त्या शाळेत कुणी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती ती बोली आली.

"नही रे भाऊ. बठ्ठं बरोबर शे. तिनं पयलं बी, आनि हाई बी."

सगळंच बरोबर, तिचं पहिलं उत्तरही आणि हेही. मुलं एकमेकांकडे बघू लागली. 'शे' ऐकून आज कुणाला हसू आलं नाही. हिलाल हळूच खाली बसला.

घंटा झाली. वर्ग बाहेर पडला, नेहमीसारखा धावत नाही. कला मागे राहिली. टेबलाजवळ आली आणि तिने मूठ उघडली. दुसऱ्या प्रश्नाचा तो चिंचोका तिच्या तळहातावर घामाने ओला झाला होता.

"सर, हाऊ कठे ठेवू?"

तो कुठे ठेवायचा म्हणून सरांनी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं आणि त्या बाजूला सारल्या.

"तुनाजोडे ऱ्हाऊ दे."

तिने तो दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि बाहेर गेली. सर फळा पुसायला वळले. दुसरा प्रश्न पुसला, पहिला तसाच राहिला. बाहेर ओट्यावरून तिचा आवाज येत होता, सलग, न थांबता: "माय, सर बी आपला गावकडला शेतस. मी बोलनू आज. हिलाल बी नही हसना..."

सर दारात आले तेव्हा झुंबरबाई उठून उभ्या होत्या. पदराचा बोळा तोंडाला लावून ऐकत होत्या. दाखल्याचं त्यांनी काही विचारलं नाही. सरांकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली, आणि मायलेकी फाटकाकडे चालू लागल्या. कला अजून बोलतच होती.