मधली अक्षरं

"मम्मी, थांब. हा मामाचा पत्ता नाहीये."

प्रियंकाने मनगट धरलं तेव्हा रत्नमालाचं बोट पाठवण्याच्या बटणावर टेकणारच होतं.

"सुरुवात बघ, शेवट बघ, दोन्ही सेम. मतलब मुद्दाम तसा बनवलाय. काल आपण मामाला थोडं पाठवून पाहिलं ना, त्यानंतर कुणीतरी हा ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत घुसवला आणि तू तिथूनच उचललास. मधली अक्षरं वेगळी आहेत. यावर गेलेलं क्रिप्टो परत येत नाही."

जयपूरच्या रेल्वे दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेली रत्नमाला उठली, पंखा वाढवला, पाणी न पिताच पेला ठेवून परत आली. तिचा थोरला भाऊ भीमराव आफ्रिकेत खाणीवर वेल्डर होता. अकोल्याचं घर विकलं तेव्हा 'मले काही नको' म्हणालेला हा माणूस आता एकाएकी वाटा मागत होता. तोही लगेच आणि तोही असा क्रिप्टोत, कारण तिथल्या बँकेत पैसे अडकतात म्हणे. कशाला हवेत, ते सांगत नव्हता. तिला त्याचा रागच आला होता.

भीमरावने पत्ता मेसेजवर दिला होता, पण आता तिचा त्यावरही भरवसा उरला नव्हता. तिने फोन लावला.

"दादा, पत्ता पूर्ण वाचून दाखव. मी जुळवतो."

"मेसेज केला ना तुले. काऊन एवढा घोर करतं?"

"तरी वाच."

तो वाचू लागला. चार अक्षरं, मग थांबला. पुढे तीनच. रत्नमालाचं बोट मेसेजवरून सरकता सरकता अडलं. अक्षरांपेक्षा तिला आता त्यांच्यामधला श्वास ऐकू येत होता.

"दादा, जिना चढून आला काय तू?"

"नाही. खुर्चीतच आहो."

"रात्री आडवं होता येते?"

तो पुढची अक्षरं वाचू लागला. तिने मध्येच अडवलं.

"पाय सुजतात?"

"सुजतात. उशा लावून बसून झोपतो." मग हळूच म्हणाला, "हृदयाची झडप खराब झाली म्हणते डॉक्टर. ऑपरेशन लागते. तुले सांगतलं असतं तर तू नुसती रडत बसली असती."

प्रियंका काही विचारू लागली. रत्नमालाने हातानेच तिला गप्प केलं.

"घाई करू नको," ती फोनमध्ये म्हणाली. "एकेक अक्षर वाच. दम लागला की थांब. मी आहो इथंच."

शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा तिने मेसेजमधला पत्ता टाकून बटण दाबलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आले पैसे."

फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.