सहा पानांचा मका

व्लास्तिमिर फाटकाशी आला तेव्हा त्याच्या मक्याला सहा पानं होती. रादिन्काने ती आदल्याच दिवशी दोघांच्या शेतांमधल्या चराच्या अलीकडून मोजली होती, आणि मोजताना तिला कितीतरी वर्षांनी बरं वाटलं होतं.

"कुमा, आहेस का?"

लग्नात साक्षीला उभा राहतो तो कूम, आणि त्याने बाईला हाक मारायची ती कुमा. बनात प्रांतातल्या त्यांच्या गावात हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं. रादिन्का आणि स्तेवानच्या लग्नात व्लास्तिमिर तसा उभा राहिला होता. कूम दारी आला आणि कॉफी विचारली नाही, तर त्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखंच. रादिन्काने विचारली नाही.

त्याने हातातलं पान पुढे केलं. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पांढरे पट्टे होते.

"दोनदा युरिया दिला. तरी हे असं. आणि तुझा बघ, कसा काळाभोर."

"बियाणंवाल्याला विचार की."

"विचारलं. तो म्हणतो, आणखी युरिया दे."

"मग दे."

"थट्टा करू नकोस, कुमा. जुलैत पेत्रोव्दानच्या सणाला स्पर्धेचे पंच शेतं बघायला येणार. पाच वर्षं पहिला मान माझा आहे."

तिला पट्टे बघताक्षणी कळलं होतं. शरद ऋतूत त्याने स्फुरद ओतलं होतं, गरजेच्या तिप्पट. वसंत थंड गेला. जमिनीत झिंक असूनही मुळांना मिळेना. एक फवारणी, आणि तीही याच आठवड्यात. कणसावर दाण्यांच्या किती ओळी धरायच्या हे पोंग्यात, गुंडाळलेल्या पानांच्या आत, या वयातच ठरत असतं. तुरा दिसायला लागल्यावर धावपळ करणारे कशासाठी धावतात, हे तिला कधी कळलं नव्हतं.

हे सगळं ती सहकारी शेतावर शिकली होती. प्रयोगशाळेतली बाई म्हणून तिला ठेवलं होतं, पण ती दिवसभर रानातच असायची. स्तेवान तिला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून न्यायचा. दुपारी बांधावर पाव आणि डुकराची सुकवलेली चरबी खाताना ती चाकूने मक्याचा दांडा उभा चिरून त्याला आतलं नखाएवढं कणीस दाखवायची. "पोटातलं पोर उघडं पाडलंस," म्हणून तो हळहळायचा आणि चिरलेला दांडा परत मिटवून ठेवायचा, जणू तो जोडला जाणार होता.

त्याच शेताचा व्यवस्थापक व्लास्तिमिर. एके सकाळी त्याने कमरेएवढ्या मक्यावर युरिया उडवायला सांगितलं. स्तेवान म्हणाला, पानांवर दव आहे, तासभर थांबू. व्लास्तिमिर म्हणाला, चालव. चार दिवसांत चाळीस हेक्टर करपलं. सभेत व्लास्तिमिरने सगळ्यांसमोर सांगितलं की ड्रायव्हरने मनानेच केलं, बहुधा प्यायलेला होता. स्तेवानने दारूच्या थेंबाला कधी हात लावला नव्हता. त्याला ट्रॅक्टरवरून उतरवून कोठारं झाडायला लावलं. अकरा वर्षं झाडली, आणि मग तो गेला. मडगार्डवर बसायला तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

"सांगते," रादिन्का म्हणाली. "आधी तू सांग. रविवारी, चर्च सुटल्यावर, सहकारी संस्थेच्या दारात. त्या सकाळी काय झालं ते."

त्याचा चेहरा लाल झाला. "एकोणचाळीस वर्षं झाली त्याला."

"मला मोजता येतं."

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मग तुला तरी बोलायला काय जड जातंय?"

तो गेला. रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. त्याने तिसऱ्यांदा युरिया दिला. रादिन्का रोज सकाळी चराशी जायची. सात पानं, आठ, नऊ. पट्टे रुंद होत होते, पेरं आखडली होती. चर ओलांडून त्याला दोन शब्द सांगायला पाच मिनिटं लागली असती. ती उभी राहायची, बघायची, आणि घरी येऊन पोटभर न्याहारी करायची.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, तो टोपी हातात घेऊन सहकारी संस्थेच्या दारात उभा राहिला. माणसं चर्चमधून येत होती.

"त्या युरियाबद्दल थोडा गैरसमज झाला होता," त्याने सुरुवात केली.

"कुणाचा गैरसमज?" रादिन्काने विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "पानांवर दव होतं. स्तेवान थांब म्हणाला होता. मीच त्याला चालव म्हटलं. आणि तो प्यायलेला नव्हता."

म्हातारा नेदेल्को स्तेवानबरोबर ट्रॅक्टर चालवायचा. तो थुंकला आणि म्हणाला, "आम्हाला माहीत होतं रे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." मग तो व्लास्तिमिरकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्यामागे आणखी दोघं वळले.

व्लास्तिमिर तिच्याजवळ आला. "झालं तुझं समाधान? आता बोल."

"झिंक. फवारायचं."

"एवढंच? उद्याच फवारतो."

"फवार. हिरवा होईल, छान दिसेल. पण ओळी ठरून गेल्या, कूम. आज त्याला अकरा पानं आहेत."

तो बोटांवर मागे मोजू लागला. "म्हणजे मी पहिल्यांदा आलो तेव्हा..."

"तेव्हा सहा होती. एका फवारणीचं काम होतं."

"आणि तू बोलली नाहीस."

"मी त्याच दिवशी काय मागायचं ते मागितलं. एकोणीस दिवस तू घेतलेस."

"दिवस मोजायचे आहेत हे तरी सांगायचंस. मी कूम आहे तुझा."

"हो," ती म्हणाली. "स्तेवानचाही तू कूमच होतास."

पेत्रोव्दानला पंच त्याच्या शेतात शिरलेच नाहीत. बांधावरून तो बुटका राहिलेला मका बघून पुढे गेले. सप्टेंबरात, तोडणीच्या आदल्या दिवशी, रादिन्काने आयुष्यात पहिल्यांदा तो चर ओलांडला. एक कणीस सोललं आणि ओळी मोजल्या. बारा. तिच्याकडे सोळा होत्या. शेजारच्या ताटावरचं सोललं. बारा. उन्हं उतरेपर्यंत ती त्या ओळीने सोलत, मोजत गेली, आणि तिला घाई अजिबात नव्हती.