तक्त्याची मागची बाजू

पुढच्या बाजूला व्यायामाच्या दिवसांचे चौऱ्याऐंशी चौकोन, चौऱ्याऐंशी हिरव्या खुणा. ही मागची बाजू. डॉक्टरबाई सर्जनना फोन करायला शेजारच्या खोलीत गेल्यात, तेवढ्यात लिहितोय.

दिवस १. आमची मनी चवड्यांवर चालते, टाचा टेकत नाहीत; म्हणून तिच्या दोन्ही पोटऱ्यांत इंजेक्शनं. व्यायामवाल्या ताई म्हणाल्या, "स्नायू सैल पडेल, पण तीनेक महिनेच. तेवढ्यात रोज ताणून घ्यायचा. अर्धं काम औषधाचं, अर्धं तुमचं."

दिवस २ ते ११. या खुणा खऱ्या. गुडघा सरळ, टाच माझ्या तळहातात, पाऊल वर. तीस आकडे.

दिवस १२. "बाबा, दुखतंय." बाविसाव्या आकड्याला सोडलं.

दिवस १५. "आज नको ना. मी मांजर आहे. मांजरं कुठे टाचा टेकतात?" मी हसलो. खूण तिनेच केली, हिरव्या खडूने. "आईला सांगायचं नाही हं." हे वाक्य तिचं नाही. माझं.

दिवस १६ ते ४०. कधी केलं, कधी नाही. कधी, ते आठवत नाही. हेही लिहून ठेवतो.

दिवस ४१. बायको कामावरून आली. "झालं?"
"झालं."
"तुम्ही आहात म्हणून बरं. मला नसतं बाई बघवलं तिचं रडणं."
मला तरी कुठे बघवत होतं?

दिवस ४२ ते ८३. फक्त खडू.

दिवस ८४. आज. डॉक्टरबाईंनी पाऊल वर दाबलं. येईना. तक्ता पाहिला. "एकही दिवस चुकला नाही?"
"छे हो!" बायको म्हणाली. "मी घरी येण्याआधीच यांचं तिचे पाय ताणून झालेलं असतं."
"मग औषध लागू पडत नाही असं दिसतंय. पुन्हा टोचण्यात अर्थ नाही. टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, कापून लांबवावी लागेल."

मनीने माझ्याकडे पाहिलं. कापणं तिला कळतं. तरी ओठ घट्ट मिटलेले. सहा वर्षांची पोर माझा शब्द पाळत होती.

"एवढं काय लिहिताय?" बायको आता खांद्यावरून वाचतेय. बारावा दिवस. पंधरावा. खांद्यावरचा तिचा हात गेला.

"बाबा, सांगितलंस?" मनी कुजबुजली.

"सांगतोय."

दार वाजलं, डॉक्टरबाई परत आल्या. कागद असाच देतोय, ही बाजू वर.