भांडण आत, सुऱ्या बाहेर

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या तोंडात पक्कड होती. दाताच्या डॉक्टरनं एक गुडघा खुर्चीच्या काठावर रोवला होता आणि तो माझी दाढ उपटत होता. सुई टोचली होती, पण दाढेला ते कुणी सांगितलं नव्हतं. शिव्या द्याव्यात तर तोंड त्याच्या ताब्यात. म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि मागच्या आवारात ती उभी होती. हिरवी, बुटकी, लांब नाकाची आणि दोनच सीटची. वयानं माझ्यापेक्षा थोडीशीच लहान असेल. दाढ निघाली, मी रक्त थुंकलो, कापसाचा बोळा दाबला आणि विचारलं, "ती विकायची आहे का?"

"गुडघे गेले माझे," डॉक्टर हात धूत म्हणाला. "आत बसता येतं, पण बाहेर काढायला दोन माणसं लागतात. कदर करणारा भेटला तर देईन."

मी खाटीक आहे. कदर वगैरे माझ्या वाट्याला फार येत नाही. आमच्या घरात आजवर जी गाडी आली ती मांस वाहायलाच आली. आत्ताच्या व्हॅनमध्येही सीट दोन आणि मांस टांगायचे आकडे आठ. लग्न करून बायकोला तिच्यातूनच घरी आणली, ती अजून अधूनमधून त्या वासाचा विषय काढते. आणि इथे ही गाडी, जिच्यात एक मेंढीसुद्धा मावली नसती. कुठल्याच कामाची नव्हती, आणि नेमकी म्हणूनच ती मला हवी होती.

डॉक्टरनं किल्ली दिली तेव्हा मी शहराबाहेरच्या रस्त्यापर्यंत गेलो. बूड जमिनीपासून वीतभर वर, इंजिनाचा आवाज थेट मणक्यात. एका वळणावर मागचं चाक घसरलं, मी मरता मरता राहिलो आणि मोठ्यानं हसलो. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. मी एकटाच हसत होतो आणि थांबत नव्हतो. परत येऊन डॉक्टरला म्हटलं, "दुसऱ्या कुणाला दाखवू नका."

हौसेला मोल नसतं म्हणतात. ते म्हणणाऱ्यांनी कधी बँकेत जाऊन बघावं. एवढ्या जुन्या गाडीवर बँक कर्ज देत नाही, तिच्या लेखी ते भंगार. साहेब गोड बोलला, चहा पाजला आणि म्हणाला, दुकान तारण ठेवा, लगेच देतो. पण दुकान दोघांच्या नावावर आहे. म्हणजे धाकट्याची सही हवी.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. दुकानात मी पुढे असतो. गिऱ्हाइकं, गप्पा, वजन आणि सत्तूर माझ्याकडे. तो मागे असतो. व्हॅनमधून अर्धं जनावर खांद्यावर घेऊन थंड खोलीत नेतो, आकड्याला लावतो आणि दिवसभर हाडं सोडवतो. बोलतो कमी. अंगानं माझ्याहून सडपातळ दिसतो, त्यामुळे मी त्याला लहानपणापासून काडी म्हणत आलो.

मी बँकेचा कागद त्याच्यासमोर ठोकळ्यावर ठेवला. त्यानं हात पुसले, वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"नाही, दादा."

"नाही म्हणजे?"

"गाडी घे. व्हॅन वीक, घड्याळ वीक, काय वाटेल ते कर. दुकान गहाण नाही टाकायचं."

"गहाण नाही रे, तारण."

"चुलीला शेगडी म्हटलं म्हणून हात भाजायचा राहतो का?"

"हप्ते मी फेडणार. तुझ्या खिशाला हात लावतोय का मी?"

"आणि तुझा हात तुटला एखाद्या दिवशी? रोज सत्तूर चालवतोस. तू पुढचा विचारच करत नाहीस. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तू तर अंथरूणच विकायला निघालास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात तिघं गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून मी एवढंच म्हटलं, "आत चल."

याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हा आमच्या बापाचा कायदा. गिऱ्हाइकासमोर भांडायचं नाही. भांडण आत, सुऱ्या बाहेर. दोघांनी हत्यारं फळीवर काढून ठेवायची, थंड खोलीत जायचं, दार लावायचं आणि हातानं काय ते मिटवायचं. ज्याला पुरे होईल त्यानं म्हणायचं, "तुझं खरं." ते म्हटलं की विषय संपला. परत कुणी काढायचा नाही, टोमणासुद्धा मारायचा नाही. लोक वकिलाकडे जातात, आम्ही थंड खोलीत जातो. बाप आणि काका असेच जगले आणि एकमेकांच्या मांडीवर डोकं ठेवून मेले, असं आई सांगायची.

मी आजवर एकदाही हरलो नव्हतो. दुकानाचा रंग, व्हॅन, आईचं घर विकणं, सगळं मी आत जिंकलेलं. धाकट्याला एकदा स्वतःचं वेगळं दुकान काढायचं होतं. जागा बघितली होती, पाटीसुद्धा रंगवून आणली होती. तेही मी आतच मिटवलं. दोन-चार फटके खाऊन तो खाली बसला आणि म्हणाला, तुझं खरं. पाटी पुढे कुठे गेली मी विचारलं नाही.

म्हणून त्या दिवशी दार लावताना मला भीती अशी नव्हतीच. मनात गाडी उभी करायला जागा कुठे करायची हे चाललं होतं.

पहिला ठोसा मी त्याच्या बरगडीत मारला. दुसरा कानाखाली. तो मागे लटकणाऱ्या धडांवर आपटला, आकडे रुळावर खणखणले. एरवी तिसऱ्या फटक्याला तो बसायचा. मी तिसरा मारला. तो बसला नाही. उलट त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, याला बरं नाही की काय.

"बस ना खाली," मी म्हटलं.

त्यानं माझ्या नाकावर डोकं मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी रोज ऐकतो, पण तो आतून ऐकायचा प्रसंग पहिलाच. डोळ्यांत पाणी, तोंडात रक्त. मी आंधळ्यासारखे हात फिरवले. एक त्याच्या ओठावर लागला असावा, कारण माझी मूठ दातावर फाटली. मग त्यानं मारायला सुरुवात केली. घाई नाही, आरडाओरडा नाही. पोटात, बरगडीत, परत त्याच बरगडीत. जिथे एकदा मारून सैल झालंय तिथेच. माझा श्वास गेला आणि मी त्याच्या पायाशी कोसळलो. मी त्याच्या पायाला चावलो हे सांगायला लाज वाटते, पण चावलो.

त्यानं मला काखेत धरून उचललं. मी भरभक्कम माणूस आहे, जिना चढताना जिना कुरकुरतो. त्यानं मला सकाळच्या जनावरासारखं उचललं आणि माझ्या जाड कोटाची कॉलर आकड्यात अडकवली. पाय जमिनीपासून वर. मी खरोखर लटकत होतो, दोन मेंढ्यांच्या मधोमध. आणि तिथे लटकताना, नाकातलं रक्त छातीवर ठिबकत असताना, मला कळलं. हा कधीच हरला नव्हता. रोज अर्धं जनावर खांद्यावर घेणारा माणूस माझ्या दोन-चार फटक्यांत कसा बसेल? रंग, व्हॅन, आईचं घर, ती पाटी. सगळं त्यानं मला देऊन टाकलं होतं, आणि मी छाती फुगवून फिरत होतो.

मार लागला त्यापेक्षा हे जास्त लागलं. म्हणून गप्प बसायचं सोडून मी तोंड उघडलं. म्हटलं, "काडी, तुझं काय आहे रे या दुकानात? बापानं उभं केलं, मी चालवलं. तू नुसता हमाल."

त्याचा डावा हात माझ्या हनुवटीखाली आला आणि त्यानं माझं डोकं मागे सारलं. उजवा अंगठा गळ्यावर नेमका तिथे गेला जिथे जनावर कापताना आमचा हात जातो. चाचपावं लागत नाही, बोटांना जागा ठाऊक असते. तो दाबत गेला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याच्या तोंडावर राग नव्हता. काम करताना असतो तसाच चेहरा होता. दिवे लांब गेले, मला वाटलं संपलं, आणि ते वाटताना गाडीबिडी काही आठवली नाही.

मग त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अंगठा असा झटक्यात काढला की जणू तो माझ्या गळ्याला चिकटलेला होता.

"तुझं खरं, दादा," तो म्हणाला. "तुझं खरं. तुझं खरं."

त्यानं मला आकड्यावरून उतरवलं, भिंतीशी बसवलं, स्वतःच्या बाहीनं माझं नाक पुसलं आणि एका कोपऱ्यात जाऊन ओकला.

बाहेर गिऱ्हाइकं थांबलेलीच होती. आमच्या धंद्याचा एक फायदा असा की अंगावरच्या रक्ताबद्दल कुणी विचारत नाही. एक म्हातारी तेवढं म्हणाली, "आज फार वेळ लावलात," आणि चरबी कमी असलेला तुकडा मागितला. मी डाव्या हातानं कापून दिला. धाकट्यानं त्यानंतर दिवसभर सुरी उचलली नाही. फळीवर होती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बँकेत गेलो. तोच म्हणाला, चल. विषय मिटलेला होता, शब्द गेलेला होता, आता सही करायची. आमच्यात मागे फिरणं नसतं. माझ्या नाकावर पट्टी, एक डोळा मिटलेला, गळ्यावर निळा ठसा. त्याचा फक्त ओठ फुटलेला.

साहेबानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि त्याला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा." काचेचं दार लावून घेतलं आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "हे कर्ज तुम्ही आपखुशीनं घेताय ना? त्या माणसाची काही जबरदस्ती वगैरे?"

"तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच विचारतोय."

मला हसू फुटलं आणि बरगडीत कळ आली. काचेतून धाकटा दिसत होता. तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता. स्वतःच्या हातांवर बसला होता. शेजारी एक बाई पोर घेऊन येऊन बसली तसा तो बाकाच्या पार टोकाला सरकला, जणू त्याच्यापासून त्या पोराला काही होईल. मी तो सरकताना बघितला आणि गाडी माझ्या मनातून गेली. खोटं नाही सांगत, हिरवा रंगसुद्धा डोळ्यांसमोर आणता येईना. धाडसी म्हणून मिरवणारा मी, त्या काचेआड ढसाढसा रडलो.

"नको," मी साहेबाला म्हटलं. "कागद द्या इकडे." मी ते फाडले.

पण बाहेर जाऊन सांगायचं काय? मिटलेला विषय मीच उकरला तर बापाचा कायदा मोडला, आणि त्यानं दिलेला शब्द मी त्याच्याच तोंडावर फेकला असं झालं असतं. म्हणून शहाणपणा केला. आमच्या घराण्यात शहाणपणा करायला गेलं की हमखास वाटोळं होतं.

"बँक नाही म्हणाली," मी त्याला म्हटलं. "जाऊ दे. चल."

तो उठला. "का?"

"त्यांचे नियम असतात."

"काल तर हो म्हणाला होता ना? चहा पाजला होता ना तुला?" त्याचा आवाज चढत गेला. इतकी वर्षं त्याचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. "मी सही द्यायला आलोय आणि हा नाही म्हणतो? हा कोण?"

मी हात धरेपर्यंत तो काचेचं दार ढकलून आत गेला होता. टेबलावरून त्यानं साहेबाची कॉलर धरली आणि त्याला खुर्चीतून अर्धा वर ओढला. पेनांचा डबा सांडला, बाकावरचं पोर किंचाळलं. "माझ्या दादाला गाडी पाहिजे!" धाकटा ओरडत होता. "दे त्याला! दुकान घे, दे त्याला!" साहेबाचे पाय टेबलाखाली हवेत हलत होते. पहारेकरी धावत आला, पण जवळ यायची त्याची हिंमत होईना.

"सोड त्याला!" मी मागून मिठी मारली. बरगड्यांनी जीव काढला. "अरे सोड! त्यानं नाही म्हटलेलं नाही! मीच नको म्हटलं!"

त्याचे हात सुटले. साहेब खुर्चीत पडला आणि खुर्चीसकट मागे सरकला. धाकटा वळला.

"तू नको म्हटलंस?"

"हो."

त्यानं मला मारलं. उघड्या हातानं, मोडलेल्या नाकावर, बँकेतल्या सगळ्या माणसांसमोर. सुऱ्या बाहेर नाहीत, दार बंद नाही, काही नाही. मी गुडघ्यांवर बसलो. पट्टीखालून रक्त परत सुरू झालं आणि चकचकीत फरशीवर पडू लागलं. इथे ते सगळ्यांना दिसत होतं.

"इतकी वर्षं मी पडत आलो," तो म्हणाला. आता तो रडत होता, आणि तो हात त्यानं काखेत दाबून धरला होता. "कालही पडलो असतो. पण दुकानाचा प्रश्न होता, म्हणून नाही पडलो. दादा, तुझ्या गळ्यावर अंगठा ठेवला मी. थोडा अजून दाबला असता तर तू गेला असतास, आणि मला ते करायला सोपं वाटत होतं. तुला गाडी एवढी सहज सोडता येत होती, तर मला तिथवर कशाला नेलंस?"

पहारेकऱ्यानं दार उघडून धरलं होतं आणि आम्हाला बाहेर जायची खूण करत होता. मी फरशीवरून उठायला हात पुढे केला. धाकट्यानं तो धरला नाही.