फाटकाबाहेरची पंगत

"ताट काढू नका, वाफ जाईल," शांतवन म्हणाला, तरी काकासाहेबांनी हंड्यावरचं ताट उचलून पाहिलंच. ज्वारीच्या कण्या काठोकाठ होत्या. एक पळीही कमी झाली नव्हती.

"गेल्या रविवारीही हेच झालं," काकासाहेब म्हणाले. ते इथल्या ख्रिस्ती मंडळीचे एक वडील, म्हणजे पंच. पाळक परगावी गेले की देवळाचा कारभार त्यांच्याकडे. "आपल्या बायकांनी रोज चुलीपाशी मूठ मूठ धान्य बाजूला काढलं, ते म्हशींना घालायचं का? आज कोणी आलं नाही, तर हे बंद."

शांतवन देवळाची घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा आणि आता हा हंडाही त्याच्याकडे होता. त्यानं रस्त्यापलीकडं पाहिलं. वडाखाली माणसं बसली होती. लढाईची महागाई, त्यात गावाकडं पाऊस नाही, म्हणून घरं सोडून नगरात आलेली. काम मिळालं नाही आणि परतायलाही काही उरलं नाही. फाटक उघडं होतं. आत या, देवळात प्रार्थनेला बसा, मग जेवा, असं त्यांना सांगून झालं होतं.

तो रस्ता ओलांडून गेला. पुढंच एक बाई पोरीला घेऊन बसली होती. बनुबाई म्हणत तिला.

"चल की बाई. गरम हाय."

"नगं दादा."

"का गं? पोरीची नजर तिकडंच हाय."

"असू द्या." तिनं पोरीला मांडीवर ओढलं. "आत गेल्यालं पोर तुमचं हुतं, म्हनत्यात."

खोटं आहे, असं म्हणायला शांतवननं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मोठ्या दुष्काळात, तो लहान असताना, आईनं त्याला याच फाटकाच्या खांबाशी आणलं होतं. "जा, खाऊन ये. मी हितंच हाय," म्हणून पाठीला हात लावून आत ढकललं होतं. ती स्वतः आली नाही. तिला ते अन्न चालणार नव्हतं. तो पोटभर जेवून बाहेर आला, तेव्हा तिथं कोणी नव्हतं. पुढं मिशनच्या मडमेनं त्याला नाव दिलं, शाळा दिली, दोन वेळची भाकर दिली. कोणी त्याला पळवलं नव्हतं. तरी या बाईला खोटं पाडायला त्याची जीभ रेटेना.

तो परत आला आणि हंड्याच्या कड्यांतून बांबू सरकवू लागला.

"हे काय?" काकासाहेबांनी विचारलं.

"भाईर नेतो. झाडाखाली."

"रस्त्यावर पंगत? आणि प्रार्थना?"

"चूल पेटवताना केली मी."

"तू केलीस. त्यांनी?"

"त्यांना भूक लागलीया, काकासाहेब."

"पाळकांना मी काय सांगू?"

"शांतवननं ऐकलं न्हाई, म्हना. घंटेची दोरी दुसऱ्याच्या हातात द्या, म्हना."

एवढं उलट तो जन्मात कोणाला बोलला नव्हता. पण बांबू त्यानं सोडला नाही. दुसरं टोक धरायला कोणी पुढं होईना. शेवटी मंडळीच्या बायकांतल्या रूथबाईनं पदर खोचला. "उचला. आन् नीट चाला, माझीबी मूठ हाय त्यात."

हंडा झाडाखाली टेकला. पत्रावळी मांडल्या.

"शिजवलं कुनी?" बनुबाईनं विचारलं.

"मी."

"कुठलं तुमी?"

"सोनईकडचा. आता हितलाच."

तिनं थोडा विचार केला. मग पत्रावळ पोरीपुढं सरकवली आणि स्वतः मागं सरली. "हिला वाढा. मला नगं."

शांतवनची पळी हवेतच थांबली.

"आधी तू," तो म्हणाला. "तू खाल्ल्याबिगर मी पुढं सरकायचा न्हाई."

"ह्यो कुठला जुलूम?"

"खा की माय!" मागून एक म्हातारा ओरडला. "तुझ्या मानपानात आमी मरू इथं!"

दोघं-तिघं हसले. बनुबाईनं तोंड फिरवून पहिला घास घेतला. दुसऱ्या हातानं तिनं पोरीचा परकर मुठीत घट्ट धरला होता. मग शांतवननं पोरीला वाढलं आणि तो पुढं सरकला.

हंड्याचा तळ दिसू लागला, तेव्हा काकासाहेब पाण्याची घागर घेऊन आले. पंगतीच्या टोकाला ती ठेवून तसेच परत गेले.

बायका रिकामा हंडा आत घेऊन गेल्या. शांतवन बुडाशी उरलेली खरवड पानावर घेऊन फाटकापर्यंत आला. इतक्या वर्षांत तो इथून हजारदा गेला-आला होता, पण बाहेरच्या खांबाशी कधी टेकला नव्हता. आज तो तिथं बसला.

"आत बसून जेवा की," रूथबाई आतून म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला. "मी हितंच हाय."